कार्ताहेनाचे दोन वेढे

ला पोपाच्या माथ्यावर टॅक्सीतून उतरले तेव्हा सकाळ पुरती वर आली नव्हती, तरी अंगातून घामाच्या धारा लागल्या होत्या. टेकडी जेमतेम दीडशे मीटर उंच. वर सतराव्या शतकातला मठ आहे, आणि त्याच्या कठड्यापाशी उभं राहिलं की कार्ताहेना हे कोलंबियाचं बंदर तळहातावर ठेवल्यासारखं दिसतं. एका अंगाला दलदल, दुसऱ्या अंगाला खाडी, पलीकडे कॅरिबियन समुद्र आणि मधोमध तटबंदीच्या आतलं जुनं शहर. किल्ले पाहायची सवय असलेल्या कुणालाही इथे लगेच कळतं, की ही टेकडी ज्याच्या हाती त्याचा वचक शहरावर.

१८१५ मध्ये या शहराला दोनदा वेढा पडला. दुसरा सगळ्यांना ठाऊक आहे, शहराला ‘वीरनगरी’ हे बिरुद त्यामुळेच मिळालं. मला मात्र पहिला जास्त सलला.

कार्ताहेनाने ११ नोव्हेंबर १८११ रोजी स्पेनपासून पूर्ण स्वातंत्र्य जाहीर केलं. तटाच्या दारासमोरच्या हेत्सेमानी वस्तीतले कारागीर, कृष्णवर्णी आणि मिश्रवर्णी लोक पेद्रो रोमेरोच्या मागे हत्यारं घेऊन रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे वरच्या मंडळींनी जाहीरनाम्यावर सह्या केल्या. पुढे नेपोलियन हरला, स्पेनचा राजा फर्नांडो गादीवर परतला आणि १८१५ च्या फेब्रुवारीत त्याचा सेनापती पाब्लो मोरियो दहा हजारांवर सैनिक घेऊन स्पेनहून निघाला.

आरमार अटलांटिक ओलांडत होतं आणि इकडे आपसात जुंपली होती. स्पेनच्या राजाशी निष्ठावान असलेल्या सांता मार्ता शहरावर चालून जाण्यासाठी स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी सिमोन बोलिवार याला कार्ताहेनाकडून शस्त्रं हवी होती. शहराचा सेनापती मान्वेल देल कास्तियो याचं त्याच्याशी जुनं वैर, त्याने साफ नकार दिला. बोलिवारने मग याच टेकडीवर तळ टाकून शहर वेढलं. मार्चपासून मे उजाडेपर्यंत स्वातंत्र्यवाद्यांनी स्वातंत्र्यवाद्यांवर दारूगोळा उधळला, धान्य संपवलं. ८ मे रोजी बोलिवार सगळं सोडून जमैकाला निघून गेला. मी जिथे हात टेकले होते तिथूनच त्याने खाली पाहिलं असेल, या विचाराने पोटात कालवलं.

ऑगस्टमध्ये मोरियो आला. त्याने हल्ल्याची घाई केली नाही, जमिनीवरून आणि समुद्रावरून रसद तोडली. खाडीची मोठी वाट स्पॅनिशांनीच अठराव्या शतकात पाण्याखाली भिंत घालून बंद केली होती. जहाजांना उरली बोकाचिकाची अरुंद खिंड. शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी केलेली ही रचना आता आतल्यांच्या गळ्याशी आली.

दुपारी तटावरून चालले. भिंत प्रवाळाच्या दगडाची आहे. एका बुरुजाशी बोटं फिरवली तर दगडात शिंपल्याचा ठसा लागला, कडा अजून धारदार. या भिंतीआड माणसांनी आधी घोडे, गाढवं खाल्ली, मग कुत्री, उंदीर, शेवटी भिजवलेलं कातडं. पहाऱ्यावरचे सैनिक उभ्याउभ्या कोसळत. साडेतीन महिन्यांत सुमारे सहा हजार माणसं भुकेने आणि रोगाने गेली, म्हणजे शहराचा जवळजवळ तिसरा हिस्सा. तरीही ११ नोव्हेंबरला, स्वातंत्र्याच्या चौथ्या वाढदिवशी, ला पोपावर झालेला हल्ला त्यांनी परतवला. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी!

५ डिसेंबरच्या रात्री सुमारे दोन हजार लोक मिळतील त्या जहाजांवर चढले आणि स्पॅनिश तोफांच्या माऱ्यातून निसटले. कित्येक समुद्रातच गेले, काही पकडले गेले, काही हैतीला पोचले. तिथे राष्ट्राध्यक्ष पेतियॉं यांनी त्यांना आसरा दिला. दुसऱ्या दिवशी मोरियो शहरात शिरला. शहर स्वतंत्र व्हायला त्यानंतर १८२१ चा ऑक्टोबर उजाडला.

संध्याकाळी घड्याळ मनोऱ्याबाहेरच्या हुतात्म्यांच्या मार्गावर गेले. मोरियोने २४ फेब्रुवारी १८१६ रोजी गोळ्या घातलेल्या नऊ जणांचे संगमरवरी अर्धपुतळे तिथे उभे आहेत. त्यात कास्तियो आहे. बोलिवारला नकार देणारा, वेढ्याच्या मध्यात आपल्याच लोकांनी सेनापतिपदावरून खाली खेचलेला कास्तियो. त्याच्याबद्दल दिवसभर मनात राग धरून फिरत होते. त्या दगडी चेहऱ्यासमोर तो टिकला नाही. चूक त्याची होती तितकीच बोलिवारचीही होती, आणि दोघांच्या चुकीचं देणं शहराने फेडलं.

मनोऱ्याच्या कमानीतून आत शिरलं की काही मिनिटांत बोलिवारचा चौक लागतो. पुतळ्याखाली त्याचे शब्द आहेत: काराकासने मला जन्म दिला, पण कीर्ती तुम्ही दिलीत. चौथऱ्याशी शाळेतली पोरं वही गुडघ्यावर घेऊन ते उतरवून घेत होती. शेजारी बसून मीही उतरवलं. १८१५ च्या डिसेंबरात बोलिवार जमैकाहून याच शहराकडे यायला निघाला होता, वेढ्यातल्या लोकांच्या मदतीला. शहर पडल्याची बातमी त्याला भर समुद्रात कळली, आणि त्याने जहाज हैतीकडे वळवलं.