भिडे पूल बुडाला का?

जर्मनीत, ब्रेमेनला परत येऊन अकरा दिवस झाले. बॅग अजून पुरती रिकामी केलेली नाही. तळाशी आईने दिलेली भाजणी आहे, एकात एक अशा तीन पिशव्यांत, वर रबर. तरी शेजारच्या मेतकुटाने घात केलाच. ऑफिसला जायच्या दोन शर्टांना अजून वास येतोय आणि मी ते धुवायचं टाळतेय.

पुण्यात "मी ब्रेमेनला असते" म्हटलं की हमखास प्रश्न येतो, "म्हणजे औंधला?" तिथे ब्रेमेन चौक आहे ना! यंदा एका रिक्षावाल्याने तर थेट मीटर टाकला.

यावेळी नेमकी पावसात गेले होते. आमचं घर नारायण पेठेत. बाबा रोज सकाळी भिडे पुलावरून डेक्कनला चालत जातात, म्हणजे खडकवासला धरणातून पाणी सोडलेलं नसेल तर. सोडलं की तो बुटका पूल पाण्याखाली जातो आणि बाबांचा दिवस बिघडतो. मग चहाबरोबर विसर्गाचे आकडे. पानशेत किती टक्के, वरसगाव किती, टेमघर किती, किती क्युसेक सोडले. शेजारचे काका आले की पुन्हा तेच, फक्त आवाज चढवून, जणू धरणाचं दार यांनीच उघडलंय.

लहानपणी मला हे सगळं फार कंटाळवाणं वाटायचं. पण आमच्या जुन्या वाड्यात जिन्याजवळ भिंतीवर एक मळकट रेघ होती, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. 12 जुलै 1961, पानशेत फुटलं त्या दिवशीचं पाणी. आजी त्या रेघेवर कधी रंग मारू द्यायची नाही. पुढे वाडा पाडून इमारत झाली, रेघ गेली. आता तिथे पार्किंग आहे.

इथेही नदी आहे, वेझर. माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. समुद्राच्या भरती-ओहोटीमुळे ती दिवसातून दोनदा जवळजवळ चार मीटर वरखाली होते. दोनदा! पण त्यावरून कुणी कुणाला फोन केल्याचं ऐकलं नाही. काठावर लोक शांतपणे बिअर पीत बसलेले असतात. छान आहे, नाही असं नाही.

आल्यापासून मी बातम्यांत फक्त खडकवासला शोधते. जर्मन सहकाऱ्याने विचारलं, हा कसला आकडा बघतेस? सांगायला गेले आणि मध्येच सोडून दिलं.

आज सकाळी साडेसहाला बाबांचा व्हिडिओ कॉल. तिकडे दहा वाजलेले. लकडी पुलावर बघ्यांची ही गर्दी, छत्र्याच छत्र्या, आणि खाली मातकट मुठा. भिडे पूल दिसतच नव्हता. "बघ, बघ!" म्हणत बाबांनी हात कठड्याबाहेर काढला. मागून कुणीतरी ओरडलं, "ओ काका, फोन पडेल! आणि जरा सरका, आम्हालाही बघू द्या."