वय नाही, म्हणूनच शिकवते

"ताई, यांचं गाडी चालवायचं वयच नाही, मग नववी-दहावीच्या पोरांना ड्रायव्हिंगचं कशाला शिकवता? उद्या घरी येऊन चावी मागतील!" शाळेत तास ठरवायला गेले की हा प्रश्न ठरलेला. कधी मुख्याध्यापक विचारतात, कधी पालकसभेतले एखादे काका. माझं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे, त्यामुळे ही बाई गिऱ्हाईकं जमवायला आली असावी, अशी शंकाही काहींच्या चेहऱ्यावर दिसते. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

चावी मागायची वेळ केव्हाच निघून गेली आहे. ट्यूशन सुटायच्या वेळेला नागपुरात शंकरनगरला नाहीतर नंदनवनात दहा मिनिटं उभे राहून बघा. एका मोपेडवर तिघं, पायाशी दप्तर, हेल्मेट असलंच तर आरशाला लटकवलेलं. शाळेच्या फाटकात गाडीला बंदी असते, म्हणून गाडी बाजूच्या पानठेल्याजवळ लावायची, हे सगळ्यांना ठाऊक. चावी आईबापांनीच दिलेली असते. "मेन रोडनं जात नाही हो, गल्लीगल्लीनं जातो." त्यांची अडचण खोटी नाही. मेट्रो आली, पण स्टेशनपासून क्लास लांब, आणि एप्रिलातल्या नागपूरच्या उन्हात लेकराला सायकलवर पाठवायला जीव होत नाही.

आता कायद्याचं. सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण फक्त 50 सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं. लुनाच्या काळात त्याला अर्थ होता. आज घराघरांत उभ्या असलेल्या स्कूटर 110 नाहीतर 125 सीसीच्या, त्यामुळे सोळाचं लायसन्स जवळजवळ कागदावरच उरलंय. इलेक्ट्रिक स्कूटरला लायसन्सच लागत नाही असं दुकानदार सांगतात, पण ती सूट 250 वॅटपर्यंतच्या आणि ताशी 25 किलोमीटरच्या वर न जाणाऱ्या गाडीलाच आहे. मोटार वाहन कायद्याच्या 2019च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी: तीन वर्षांपर्यंत कैद, 25,000 रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. आणि त्या मुलाला पंचवीस वर्षांचा होईपर्यंत लर्निंग लायसन्ससुद्धा नाही. पालक पंचवीस हजारावर चमकतात. पोट्टे गप्प होतात ते पंचवीस वर्षांवर.

पण दंडाची भीती हा माझा विषय नाही, आणि मी शाळेत गाडी नेतही नाही. खडू आणि मोजपट्टी नेते. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते. समोर कुत्रं आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर ब्रेक लागायच्या आधीच अकरा मीटर गेले. मग कोरड्या डांबरावर, ब्रेक चांगले असले तर, अजून दहाएक मीटर. ताशी साठला वेग दीडपट होतो, पण ब्रेक लागल्यानंतरचं अंतर सव्वादोनपट. हे पोरांनाच मैदानात पावलांनी मोजायला लावते. चाळीसची रेघ झेंड्याच्या खांबाजवळ संपते, साठची थेट सायकल स्टँडपर्यंत जाते. तिथं पोचल्यावर कोणीतरी "बाप्पा!" म्हणतंच.

दुसरा खेळ ट्रकचा. एकाला खुर्चीवर ड्रायव्हर म्हणून बसवायचं, हातात आरसा द्यायचा, बाकीच्यांनी अवतीभोवती उभं राहायचं. डाव्या बाजूला खुर्चीला चिकटून उभी असलेली पोरं त्याला दिसतच नाहीत. वर्धा रोडच्या सिग्नलला ट्रकच्या डावीकडून घुसणाऱ्यांची जागा नेमकी तीच. मागे बसणाऱ्यांसाठी वेगळं सांगते, कारण या वयात बहुतेक जण मागेच बसतात. हेल्मेट त्यांनाही लागतं, कायद्यात चार वर्षांवरच्या प्रत्येकाला आहे. आणि "काका, हळू घ्या" म्हणायला लाजायचं नाही, याचीही मी मोठ्यानं तालीम घेते.

अठरा झाले की हीच पोरं माझ्याकडे येतात, लायसन्सच्या कागदासाठी. टेस्टमधला आठचा आकडा झोकात काढतात, कारण चार वर्षं गाडी हातात असते. पण वळून झाल्यावर इंडिकेटर देतात, मागे बघत नाहीत, पिवळा दिसला की ॲक्सिलरेटर पिळतात. टेस्टमध्ये यातलं फारसं दिसत नाही. हाताला बसलेली सवय मोडणं नवशिक्याला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड, हे कुठलाही ट्रेनर सांगेल. धरमपेठेच्या ट्रॅफिक पार्कात आपण लहानग्यांना सिग्नल दाखवायला नेतो, त्यानंतर थेट अठराव्या वर्षी लर्निंगची परीक्षा. मधली दहा-बारा वर्षं कोरी. पोरं गाडी शिकतात ती याच वर्षांत, घरच्यांच्या मागे बसून.

म्हणून तासाचे पैसे घेत नाही, पण एक अट घालते: तास पालकसभेच्या दिवशीच ठेवायचा आणि पालकांनीही मैदानात उतरायचं. खडूच्या रेघेवर त्यांनाही चालवते. "आम्ही वीस वर्षं चालवतो हो," असं कोणीतरी म्हणतंच. तेव्हा मी पोरांकडे वळून विचारते, "बाबा वळताना मागे बघतात का रे?"