पुड्याची पुढची बाजू

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या कुठल्याही सुपरमार्केटात बिस्किटांच्या रॅकसमोर जरा उभं राहून बघा, ज्या ज्या मालाला पौष्टिक दिसायचंय तो सगळा एकतर हिरवा नाहीतर खाकी कागदासारखा, वर एखादं पान, गव्हाची लोंबी. आणि हे चालतं हो! अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठाच्या जोनाथन शुल्टचा २०१३ सालचा अभ्यास आहे, कॅंडी बारच्या कॅलरी त्याच ठेवल्या, फक्त कॅलरीचं लेबल लालऐवजी हिरवं केलं तर लोकांना तो बार जास्त हेल्दी वाटला.

आमच्या वहिनीचं मुलांच्या डब्यासाठी मल्टिग्रेन बिस्किट ठरलेलं. परवा पुडा उलटा करून दाखवला. जो घटक वजनाने जास्त तो आधी असा नियम आहे, तर पहिलंच नाव मैदा, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी, ओट्स वगैरे मंडळी पार शेपटाला टक्का-दोन टक्के. वहिनी म्हणते, "अहो भावजी, पण पुढे नाचणीचं कणीस एवढं मोठं काढलंय ना!" आता बोला.

तेलाच्या डब्यावरचं 'कोलेस्टेरॉल फ्री' तर कहर आहे, कोलेस्टेरॉल प्राण्यांकडून येतं, शेंगदाण्याच्या तेलात येणार कुठून, द्राक्षाच्या पेटीवर 'बिनहाडाची' छापण्यातला प्रकार. खोटं काहीच नाही त्यात, म्हणून धरताही येत नाही. ज्यूसचं तसं नव्हतं, कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवलेल्या रसात, पाणी घालून केलेल्या ज्यूसवरचं '१०० टक्के फळांचा रस' काढून टाका असं एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, जून २०२४ मध्ये सांगितलं. पण 'नो अॅडेड शुगर' राहतंच, आणि फळाची साखर त्यात असतेच. मी तरी 'पर सर्व्हिंग'चा, म्हणजे एका वेळच्या खाण्याचा, रकाना सोडून १०० ग्रॅमचा बघतो आणि साखरेच्या ग्रॅमना चारने भागतो, साधारण तेवढे चमचे. मात्र ती अक्षरं इतकी बारीक की आईला चष्म्यावर भिंग लागेल.

रविवार कारंजावर सुटे फुटाणे मिळतात, त्यावर कोणी 'हाय प्रोटीन' छापत नाही, म्हणून भाच्याला ते 'टाइमपास' आणि चकचकीत प्रोटीन बार म्हणजे 'डाएट'.

२०२२ मध्ये एफएसएसएआयने पुड्यावर पौष्टिकतेप्रमाणे स्टार द्यायचा मसुदा काढला होता. मला नाही पटत, दीड स्टार मिळाला तरी तो पुढे चमकणारच आणि लोकांना बक्षीसच वाटणार. चिलीत २०१६ पासून साखर, मीठ जास्त असलं की पुढेच काळा अष्टकोनी ठप्पा मारतात. तो हवा, त्या नाचणीच्या कणसाच्या अगदी शेजारी.