बाळ रात्री उठणारच, प्रश्न आहे किती वेळ

नवजात बाळ रात्रभर झोपावं म्हणून घरोघरी जे उपाय सांगितले जातात, त्यातले बहुतेक पहिल्या दोन-तीन महिन्यांत लागूच पडत नाहीत. या वयाचं बाळ चोवीस तासांत साधारण १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्या-तुकड्यांनी. पोट लहान, दूध लवकर पचतं, त्यामुळे दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजावं लागतं. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात तीनदा उठणं हा साधा हिशोब झाला, खोड नव्हे. आपल्या हातात असतं ते वेगळंच. एका घरात बाळ उठल्यापासून परत झोपेपर्यंत पंचवीस मिनिटं जातात, दुसऱ्या घरात दीड तास. तीनदा उठणं धरलं तर एकीकडे सव्वा तासाची झोप मोडते, दुसरीकडे साडेचार तासांची.

हा फरक बहुतेक वेळा पहिल्या दोन मिनिटांतच पडतो. बाळ कुरकुरलं म्हणजे जागं झालं असं नाही. त्याची जवळजवळ निम्मी झोप उथळ असते. पापण्यांखाली बुबुळं फिरतात, तोंड वाकडं होतं, मधेच हसू येतं, हुंकार निघतो. सटवाई बाळाला हसवते-रडवते असं आपल्याकडे म्हणतात, ती हीच झोप. तासाभराने एक आवर्तन संपतं आणि दुसरं सुरू व्हायच्या आधी बाळ हात-पाय झाडतं. नेमकं तेव्हाच कुणीतरी ट्यूब लावून त्याला उचलतं आणि झोपलेलं बाळ खरोखर जागं होतं. म्हणून आधी मिनिट-दोन मिनिटं हात न लावता, अंधारातच बघायचं. डोळे उघडलेत, मान वळवून तोंड काहीतरी शोधतंय, मूठ चोखतंय, जीभ बाहेर काढतंय, तर भूक आहे. मग रडायची वाट बघू नये. रडणं ही भुकेची शेवटची खूण. रडून लाल झालेलं बाळ स्तन नीट तोंडात धरत नाही, हवा गिळतं, आणि त्याला शांत करण्यातच पंधरा मिनिटं जातात.

बाळ आपणहून उठेपर्यंत थांबायचं, याला एक अपवाद आहे. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन ७ ते १० टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दहा ते चौदा दिवसांत जन्माच्या वजनावर परत येतं. ते येईपर्यंत बाळ तीन तासांच्या पुढे झोपलं तर उठवून पाजायचं. कावीळ असलेलं, कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मलेलं बाळ तर नक्कीच. ‘किती शहाणं बाळ, उठतच नाही’ हे पहिल्या आठवड्यात कौतुक नसतं. दुपटं सोडा, लंगोट बदला, पाठीवरून आणि तळव्यांवरून बोट फिरवा, बाळ उठतं. वजन परत आलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की रात्रीचा गजर बंद करायचा.

आता रात्री दोनचा प्रसंग नीट पाहू. दिवा झीरोचा, पिवळा, आणि बाळाच्या डोळ्यांसमोर नाही. अंथरुणाशेजारी एका ताटात सगळं आधीच ठेवलेलं असावं: चार लंगोट किंवा दोन डायपर, दोन दुपटी, जास्तीचं झबलं, कापूस, थर्मासात कोमट पाणी, आईसाठी पाण्याची बाटली आणि काहीतरी खायला. डिंकाचा लाडू यासाठी उत्तम. पाजताना भूक सपाटून लागते. कपाट उघडावं लागलं, कुणाला हाक मारावी लागली की संपलं, सगळं घर जागं होतं.

क्रम असा ठेवावा. आधी एका बाजूला पाजायचं. मग लंगोट. मग दुसऱ्या बाजूला. लंगोट आधी बदलण्यात तोटा असा की दूध पोटात गेल्याबरोबर बरीच बाळं शी करतात आणि पुन्हा बदलावं लागतं. सगळं पाजून झाल्यावर बदलला तर गुंगीत गेलेलं बाळ टक्क जागं होतं. मधे बदललं की अर्धवट पेंगलेलं बाळ दुसऱ्या बाजूला जोमाने पितं आणि पिता-पिता झोपतं. कापडी लंगोट दर वेळी ओला होतो आणि ओलेपणानेच कित्येक बाळं उठतात, म्हणून रात्रीपुरता डायपर लावायला हरकत नाही. शी झाली तर लगेच बदलायचा, नुसती शू असेल तर पुढच्या वेळेपर्यंत चालतो. कापडीच वापरायचा असेल तर खाली मेणकापड आणि त्यावर सुती दुपटं, म्हणजे चादर बदलत बसावं लागत नाही.

ढेकर हा वेळ खाणारा दुसरा प्रकार. खांद्यावर घेऊन पाच मिनिटं थोपटा, आली तर आली. अंगावर पिणाऱ्या बऱ्याच बाळांना दर वेळी ढेकर येत नाही. अर्धा-अर्धा तास थोपटत बसणं हे काढलेलं काम आहे.

खाली ठेवताना हात उचलून बघावा. सैल पडला तर झोप गाढ आहे; मूठ आवळलेली असेल तर आणखी चार-पाच मिनिटं थांबा. आधी पाय आणि ढुंगण टेकवायचं, डोकं शेवटी. डोकं आधी मागे गेलं की बाळाला पडल्यासारखं होऊन ते दचकतं, दोन्ही हात फेकतं आणि उठतं. ठेवल्यावर आपला तळहात मिनिटभर छातीवर असू द्यावा.

झोपवायचं ते उताणं, सपाट आणि घट्ट गादीवर, आईवडिलांच्याच खोलीत. डोक्याला गोल आकार यावा म्हणून देतात ती मोहरीची उशी काढून टाका, गोधडी आणि मऊ खेळणी पण. झोळीत बाळ लवकर झोपतं हे खरं, पण त्यात पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्या बाळाचा श्वास अडू शकतो. रात्रभराची झोप झोळीत नको. एकाच अंथरुणात झोपणं आपल्याकडे सर्रास आहे. तसं झोपत असाल तर बाळ दोन मोठ्यांच्या मधे नको, आईच्या बाजूला, उशा-पांघरुणांपासून लांब. घरात कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोपेचं औषध घेतलेलं असेल, बाळ अडीच किलोच्या आतलं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल, तर वेगळीच गादी. आणि डोळे मिटत असताना सोफ्यावर बसून पाजणं सगळ्यात वाईट. त्यापेक्षा गादीवर कुशीवर आडवं होऊन पाजलेलं बरं.

टोपडं, स्वेटर, दोन दुपटी, वर गोधडी असं एप्रिलच्या उकाड्यात गुंडाळलेलं बाळ गरमीनेच रडतं. हात-पाय गार लागतात म्हणून कपडे वाढवू नका. मानेमागे हात लावून बघा. तिथे घाम असेल तर एक थर कमी करा. झोपताना डोकं उघडंच बरं. खोलीत शेगडी आणि धुरी दोन्ही नकोत. धूर त्या इवल्याशा फुप्फुसांत जातो, आणि बंद खोलीत कोळशाचा वायू जीवघेणा ठरतो.

वरचं दूध द्यायचं असेल तर उकळून जरा निवलेलं, पण ७० अंशांच्या खाली न गेलेलं पाणी आधी मोजून घ्या आणि मग पावडर. आपल्याकडच्या बहुतेक डब्यांवर ३० मिलीला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, तरी आपला डबा वाचा. मग भांडं गार पाण्यात धरून दूध कोमट करा आणि मनगटावर थेंब टाकून बघा. ‘घट्ट केलं की जास्त झोपेल’ हा सल्ला धोक्याचा आहे. त्याने बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो आणि शी कडक होते. उरलेलं दूध पुढच्या वेळेला ठेवायचं नाही, ओतून द्यायचं. आईचं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, पण आपल्या उन्हाळ्यात खोली एवढी गार नसते. काढल्याबरोबर फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, आत मागच्या बाजूला. तिथे चार दिवस राहतं. वाटी-चमचा किंवा बोंडलं बाटलीपेक्षा स्वच्छ करायला सोपं. मात्र बोंडल्याच्या चोचीत दूध चिकटून राहतं, तिथे ब्रश फिरवून मगच उकळा.

आता बाबांचं. दूध पाजणं सोडून बाकीचं सगळं त्यांना जमतं: बाळ उचलून आणणं, लंगोट, ढेकर, परत ठेवणं. एवढं झालं तर आईची जाग पंधरा-वीस मिनिटांवर येते. पहिल्या महिन्यात रात्रीचं अंगावरचं पाजणं आईने टाळू नये, कारण दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्री जास्त असतं. शिवाय पाजणं चुकलं की दूध साठून गाठी होतात. नंतर जमलं तर पाळी लावा: नऊला पाजून आईने लगेच झोपायचं, दीडपर्यंत बाळ बाबांकडे, मधलं एक पाजणं काढलेल्या दुधाचं. सलग चार तासांची झोप ही तुकड्यांतल्या सहा तासांपेक्षा कामाची. आजी घरात असतील तर त्यांना पहाटेचं मागा, सहा ते साडेआठ. त्या तशाही उठलेल्या असतात. मालिशवाली बाई मालिश-आंघोळ घालून गेली की बाळ बहुधा दिवसातली सगळ्यात लांब झोप घेतं. ती वेळ आईच्या झोपेची, बाळ बघायला येणाऱ्यांची नाही.

दिवस-रात्रीचं भान बाळाला दोन-तीन महिन्यांनी येऊ लागतं. तोवर दिवसा पडदे उघडे, कुकरच्या शिट्ट्या चालू, पाजताना गप्पा; रात्री अंधार आणि तोंडातून शब्द नाही.

संध्याकाळचं एक वेगळंच. सहा ते दहा बाळ सारखं अंगावर मागतं, सोडवलं की रडतं. ‘दूध पुरत नाही’ हा निष्कर्ष इथेच काढला जातो आणि डबा येतो. आधी मोजा: पाचव्या-सहाव्या दिवसापासून चोवीस तासांत सहा ओले लंगोट आणि रोज २० ते ३० ग्रॅम वजन वाढत असेल तर दूध पुरतंय. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असतं, आणि नेमका तेव्हाच सव्वा महिना संपून बाळंतीण माहेराहून परत आलेली असते, मदतीचे हात गेलेले असतात. माहेरचा मुक्काम दोन-तीन आठवडे वाढवता आला तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो.

घुटीतलं जायफळ झोप आणतं ते गुंगी आणून. प्रमाण चुकलं तर विषबाधा होते. मधाने बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो, वर्षभर नकोच. ग्राइप वॉटर आणि पाणीही सहा महिने नको. डॉक्टर सांगतात ते ‘ड’ जीवनसत्त्वाचे रोजचे ४०० युनिट मात्र चुकवू नका. रडणं असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून दहा मिनिटं दुसऱ्या खोलीत जा. बाळाला गदागदा हलवायचं नाही, कधीच.

दूध ओढणं मंदावलं, काखेत ताप ३७.५ अंश सेल्सिअस किंवा वर गेला, अंग गार पडलं, श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त झाले, छाती आत ओढली जातेय, झटके येताहेत, तळहात-तळपाय पिवळे दिसताहेत, तर सकाळची वाट न बघता दवाखाना. वाहन नसेल तर १०८. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. वजन त्यांच्याकडून करून घ्या आणि बारीकसारीक शंकाही तेव्हाच विचारा.

बाळ झोपलंय, घरात मदत आहे, तरी आईला झोप येत नाही, रडू थांबत नाही, बाळाबद्दल किंवा स्वतःबद्दल भलतेसलते विचार येतात, आणि हे दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो थकवा नव्हे. तशा विचारांना तर दोन आठवडेही थांबू नये. डॉक्टरांना सांगावं, किंवा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फिरवावा. तो फुकट आहे, रात्री तीनलाही उचलतात आणि मराठीत बोलता येतं.