छातीवर चौतीस नंबरचा बिल्ला

फॉर्मवर तीन फोटो मागितले होते: एक चेहऱ्याचा, एक पूर्ण उभा, एक बाजूने. खाली उंची, छाती, कंबर आणि बुटाचा नंबर. २००३ सालचा जून. मी मिरजेचा, पुण्यात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला, उंची सहा फूट अर्धा इंच. मॉडेलिंगशी घरातल्या कुणाचा दूरान्वयेही संबंध नव्हता आणि मुंबईत ओळखीचं कुणी नव्हतं. तरीही देशभरातून मुलं-मुली निवडणाऱ्या त्या स्पर्धेचा फॉर्म मी भरला. तिचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे एक कडू प्रसंग सांगायचा आहे.

फोटो काढले आमच्या गल्लीतल्या काकांनी. लग्न, मुंज, बारसं हेच त्यांचं काम. त्यांनी सवयीने मागे बागेचा पडदा सोडला आणि मला हनुवटीखाली हात ठेवायला सांगितला.

"काका, पडदा नको. साधी भिंत हवी. आणि हसायचंही नाही."

"न हसता फोटो पाठवणार? कोण घेईल रे तुला?"

पण त्यांनी ऐकलं. दुकानाच्या मागच्या खोलीत खिडकीपाशी उभं केलं, दिवे बंद केले आणि ऊन ढगाआड जायची वाट बघत बसले. पुढे मुंबईत पुष्कळ मोठमोठ्या फोटोग्राफरांसमोर उभा राहिलो, पण प्रकाशासाठी इतक्या धीराने थांबलेलं माणूस क्वचितच पाहिलं.

फॉर्म भरायचं धाडस आलं ते जुन्या मासिकांमुळे. पुण्यात फुटपाथवर इंग्रजी मासिकांचे मागचे अंक स्वस्तात मिळायचे. त्यातून मला हळूहळू हा सगळा इतिहास कळत गेला. १९४७ साली पहिली मिस इंडिया झालेली एस्थर अब्राहम, म्हणजेच अभिनेत्री प्रमिला. १९६४ साली पहिली फेमिना मिस इंडिया झालेली मेहर कॅस्टेलिनो, जी पुढे फॅशनवर लिहिणारी पत्रकार झाली. या साऱ्या बायकांच्या स्पर्धा. पुरुषांना त्यात जागाच नव्हती. पुरुष मॉडेल होता तो सूटिंगच्या जाहिरातीत, आणि तो तिथवर पोचायचा बहुतेक ओळखीपाळखीनेच.

नव्वदच्या दशकात हे बदललं. बाजार खुला झाला, केबल टीव्ही घराघरात शिरला, कपड्यांचे नवे ब्रँड आले आणि ते घालून दाखवायला माणसं लागू लागली. १९९४ साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जिंकल्या हे सगळ्यांना पाठ आहे. मला मात्र त्याच दशकातली दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मॉरीन वाडियांच्या ग्लॅडरॅग्स मासिकाने मुलींसाठी मेगामॉडेल आणि मुलांसाठी मॅनहंट अशी स्पर्धा सुरू केली. १९९५ ची मेगामॉडेल होती लारा दत्ता. ती त्यातूनच मिस इंटरकॉन्टिनेंटलला गेली आणि १९९७ साली ती स्पर्धाही जिंकली. १९९९ चा मॅनहंट जॉन अब्राहम. तोवर तो जाहिरात क्षेत्रात मीडिया प्लॅनर म्हणून नोकरी करत होता. २००१ साली राजीव सिंगने मॅनहंट इंटरनॅशनलचा किताब भारतात आणला, पण आज त्याचं नाव किती जणांना आठवतं? आणि २००२ ची मेगामॉडेल मुग्धा गोडसे. पुण्याची, मराठी घरातली. ही बातमी वाचली तेव्हा मी मासिक मिटून बराच वेळ नुसता बसून होतो.

घरी सांगणं सगळ्यात अवघड गेलं. बाबा मुख्याध्यापक. त्यांच्या लेखी मॉडेलिंग म्हणजे १९९५ ची ती बुटांची जाहिरात, मिलिंद सोमण आणि मधू सप्रे यांची, अंगाभोवती अजगर असलेली. तिच्यावरचा अश्लीलतेचा खटला तेव्हाही चालूच होता. दोघं निर्दोष सुटली ती थेट २००९ मध्ये. बाबा एवढंच म्हणाले, "सप्रे, सोमण, आपलीच माणसं. कोर्टाच्या पायऱ्या चढतायत." मी त्यांना सांगितलं की सोमण पोहण्यातला राष्ट्रीय विजेता आहे, सप्रेही खेळाडूच. बाबांनी पेपर उघडला. आईने मला जाताना शंभराच्या पाच नोटा दिल्या.

पुण्यातली फेरी ऑगस्टमध्ये एका हॉटेलच्या हॉलमध्ये झाली. बाहेर पाऊस, आत दीडएकशे ओली मुलं-मुली. बूट-मोजे काढून भिंतीला टाचा लावून उंची मोजली. मग टेप. पुढे मुलींची रांग होती, मागे आमची. टेप एकच, मोजणाऱ्या बाई एकच, आणि बोलणंही तेवढंच: "श्वास सोडा. पुढे." मुलींना अशी मापं देताना लोक काय काय बोलतात ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्या दिवशी माझ्या कमरेचा आकडा चार अनोळखी माणसांसमोर मोठ्याने वाचला गेला तेव्हा ते प्रथमच अंगावर आलं. मुलं आणि मुली एका रांगेत उभी राहण्याचा हाही एक परिणाम. प्रत्येक मुलग्याने एकदा तरी त्या रांगेत उभं राहावं असं मला मनापासून वाटतं.

छातीवर चौतीस नंबरचा बिल्ला लागला आणि दहा पावलं चालून दाखवायला सांगितलं. चाललो.

कडू प्रसंग त्याच संध्याकाळी घडला. आयोजकांचा स्थानिक माणूस म्हणवणारा एक जण पार्किंगमध्ये भेटला. म्हणाला, "पोर्टफोलिओ आमच्याकडून करून घे. पंचवीस हजार. मग यादीत नाव राहील." माझी वर्षाची फीसुद्धा तेवढी नव्हती. मी नाही म्हणालो आणि हॉस्टेलवर येऊन दोन रात्री जागून काढल्या. तिसऱ्या आठवड्यात निवडीचं पत्र आलं. म्हणजे तो माणूस नुसता अंदाजावर पैसे मागत फिरत होता. पण माझ्यासमोरच एका मुलाने त्याला हजार रुपये आगाऊ काढून दिले होते, ते मला अजून टोचतं. तेव्हाच त्याचा हात धरायला हवा होता.

डिसेंबरमध्ये मुंबईत अंतिम फेरीआधीचा आठवडा. वीस मुलगे, वीस मुली. आमच्या कोरिओग्राफर मॅडमनी तालमीच्या हॉलमध्ये जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची लांब रेघ मारली होती, टोकाला फुली. आठ-आठच्या मोजणीवर रेघेवरून यायचं, फुलीवर थांबायचं, वजन मागच्या पायावर न्यायचं, कॅमेऱ्यांच्या मधोमध बघायचं, वळायचं, परत. ऐकायला पाच मिनिटांचं काम. मला चार दिवस लागले. माझे खांदे पावलांबरोबर डोलायचे, आणि मॅडम दुरून ओरडायच्या, "चौतीस, कोट हलतोय! लोक कोट बघायला आलेत!"

तिथे मला या कामाचं खरं स्वरूप कळलं. सौंदर्याचा भाग दारापर्यंतच. आत गेल्यावर दुसऱ्याचं कापड आपल्या अंगावर नीट दिसलं पाहिजे. फिटिंगला माझ्या पाठीवर शर्ट सहा चिमट्यांनी घट्ट केला होता; वळताना एक जरी सुटला तरी समोरून कापडाला सुरकुती दिसणार. मिळालेले बूट माझ्यापेक्षा एक नंबर लहान, आणि बदली जोड नव्हता.

जोडीच्या फेरीत माझ्यासोबत नागपूरची एक मुलगी होती. चार इंची टाचांच्या सँडलनी तिच्या दोन्ही घोट्यांमागची कातडी गेली होती. रोज सकाळी ती शांतपणे पट्टी लावायची, वर कातडीच्या रंगाची मलमपट्टी, आणि चालायला उभी राहायची. माझं डोलणं तिनेच घालवलं. "अरे, तू पायाकडे बघतोस म्हणून खांदे जातात. समोरच्या भिंतीवर एक खिळा धर आणि त्याच्याकडे जात राहा." हॉलच्या भिंतीत कॅलेंडरचा एक खिळा खरंच होता. दुपारभर मी त्या खिळ्याकडे चालत होतो. संध्याकाळी मॅडम काहीच ओरडल्या नाहीत.

प्रश्नोत्तरांची धास्ती सगळ्यांनाच होती, आम्हा मराठी शाळेतल्यांना जरा जास्त. १९९२ साली बँकॉकला मिस युनिव्हर्सच्या मंचावर मधू सप्रेला विचारलं होतं, देशाची प्रमुख झालीस तर पहिल्यांदा काय करशील? ती म्हणाली, खेळासाठी उत्तम सुविधा उभारेन. ती तिसरी आली, आणि उत्तर चुकलं म्हणून मुकुट गेला असं सगळे म्हणत राहिले. मला ते उत्तर तेव्हाही चुकीचं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. ज्या मुलीचं आयुष्य मैदानावर गेलं तिने मैदानच मागितलं. मला विचारलं गेलं, या क्षेत्रात तुमचा आदर्श कोण? मी दुभाष्याची सोय घेऊन मराठीत तिचंच नाव सांगितलं. मंचाखाली किंचित कुजबुज झाली, कारण पुरुष स्पर्धकाने बाईचं नाव घ्यावं हे कुणाला अपेक्षित नव्हतं.

अंतिम फेरीची मला फार थोडी आठवण आहे. दिवे, घाम, बुटात ठणकणारा अंगठा. कॅमेऱ्यांच्या मागच्या अंधारात मी खिळा कल्पून चाललो. पहिल्या दहांत आलो, पाचांत नाही. नागपूरची मुलगी पाचांत होती.

अशा स्पर्धांचा इतिहास कुणी सांगू लागलं की पडद्यावर गेलेलीच नावं येतात: लारा, जॉन, मुग्धा. त्यांचं कौतुक मलाही आहे. पण दरवर्षी त्या मंचावर बाकीचे पस्तीस-छत्तीस जण उभे असत, आणि खरा धंदा त्यांनी चालवला. नागपूरच्या मुलीने सात वर्षं साड्यांचे कॅटलॉग केले, एका दिवसात साठ साड्या नेसून. आमच्यातला एक जण बॅकस्टेजचा जाणकार झाला. चाळीस मॉडेलचे कपडे क्रमाने लावून देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. मी डिग्री पूर्ण केली आणि नऊ वर्षं सूटिंग आणि शेरवानीचं काम केलं. आता नव्या मुलांना चालायला शिकवतो. पांढरी चिकटपट्टी अजून तीच लागते.

स्पर्धेनंतर मिरजेला गेलो तेव्हा स्टँडवरून येताना काकांच्या दुकानाशी थांबलो. काचेच्या कपाटात एका मुंजीच्या बटूच्या आणि शालू नेसलेल्या नवरीच्या मधे माझा तो न हसलेला फोटो लावलेला होता, मोठा करून. खाली काकांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, "नैसर्गिक प्रकाशात." बाबा रोज शाळेत त्याच रस्त्याने जात. त्यांनी काकांकडून त्याची एक प्रत मागून घेतली होती, हे मला काकांनीच सांगितलं.