सूप नव्हे, सप : ३० इंचावरून ३४ वर आणि आता ३२ कडे

मागची नोंद लिहिली तेव्हा मी सोलापूरच्या हिप्परगा तलावात सपवरून, म्हणजे स्टँड-अप पॅडलबोर्डवरून (उभं राहून पॅडलनं, म्हणजे लांब वल्ह्यानं, चालवायचा बोर्ड), दर चार मिनिटाला एकदा पडत होतो आणि खापर वाऱ्यावर फोडत होतो. आता सहा महिने झाले, तीन बोर्ड पायाखालून गेले, आणि "बोर्ड किती इंच रुंद घेऊ रे" असे फोन चार जणांचे आले, तर म्हटलं सगळं एकदा लिहूनच टाकावं.

नोव्हेंबर

पहिला बोर्ड पुण्याच्या मित्राकडून सेकंडहँड घेतला. साडेबारा फुटी, ३० इंच रुंद, हवा भरायचा, टूरिंगचा म्हणजे लांब पल्ल्याचा. मित्र म्हणाला लई भारी पळतो, आणि खोटं बोलला नाही, त्याच्याखाली तो पळतोच, पण तो आहे ६२ किलोचा आणि तीन वर्षं पॅडल मारतोय, मी ९१ किलोचा आणि माझा पाण्याशी संबंध म्हणजे शाळेत असताना विहिरीत पोहायला शिकलो तेवढा. मी फक्त "पळतो" हा शब्द ऐकला. वजन विचारायचं मला सुचलं नाही, त्याला सांगायचं सुचलं नाही.

घरी आईला सांगितलं सप शिकतोय, तर ती म्हणाली सुपावर उभा राहतोस का काय, पाखडायचं सोडून. तेव्हापासून आमच्याकडे त्याला सूपच म्हणतात.

पहिला रविवार, हिप्परगा, सकाळी साडेसहा. तलाव आपल्याला माहितीच आहे, तुळजापूर रोडचा, एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी बांधलेला एकरूख. पाणी आरशासारखं, वारा शून्य. गुडघ्यावर होतो तोपर्यंत राजा. उभा राहिलो की बोर्ड घोट्याखाली असा थरथरायला लागायचा की शिवणयंत्रावर उभा आहे असं वाटावं, मग मी खाली पायाकडे बघायचो, आणि गेलो. ४० मिनिटांत ११ वेळा. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं काढणारे एक काका बराच वेळ बघत होते, शेवटी जवळ येऊन म्हणाले, "काय करलालाव मालक? बसून घ्या की, उभं राहायची काय गरज हाय?" म्हण आहे ना, जात्यातले रडतात, सुपातले हसतात. माझं उलटं झालतं, सुपातला रडत होता आणि बाकी अख्खा तलाव हसत होता.

काकांचं बरोबर होतं हे मात्र नंतर कळलं. बसलं की वजनाचा मध्य खाली येतो, उभं राहिलं की तो बोर्डापासून मीटरभर वर जातो, आणि सगळा खेळ तिथंच बिघडतो.

डिसेंबर

इथं एक लाजिरवाणी गोष्ट कबूल करतो. मी हवा १० पीएसआयच (हवेच्या दाबाचं माप) भरत होतो. हातपंप दहाच्या पुढं जड जातो, अंगाला घाम येतो, मग मनानं ठरवून टाकायचं की झालं, टणक लागतंय की. बोर्डावर छापलंय १५. एके दिवशी काठावरून एकानं माझा फोटो काढला, त्यात बोर्ड मधे वाकून केळं झालेला, दोन्ही टोकं वर, माझे पाय पाण्यात. असा वाकलेला बोर्ड मधे जास्त बुडतो, कडेला लोळतो, आणि आपल्याला वाटतं रुंदी कमी पडली.

१५ भरले. १२ वोल्टचा गाडीवर चालणारा पंप घेतला, हा खर्च मी आधीच करायला पाहिजे होता. पडणं ११ वरून ७ वर आलं. म्हणजे चार पडण्यांचा दोष पंपाचा, सात राहिले ते माझे आणि ३० इंचाचे. पॅडलपण उंची अधिक २० ते २५ सेंटीमीटर असं लावून घेतलं, आधी आखूड होतं म्हणून मी वाकत होतो. आणि पात्याचा कोन पुढच्या बाजूला पाहिजे, चमच्यासारखा आपल्याकडे नाही, हे मला कळायला सहा आठवडे लागले, हसू नका.

जानेवारी

गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसात शहरात कुठंच वेळेवर पोचता येत नाही, म्हणून पाणी बंद आणि हिशोब सुरू.

माझ्या एका मित्राचा मार्केट यार्डात कांद्याचा अडतीचा धंदा आहे. त्याच्या काट्यावर मी सगळं लावून उभा राहिलो, लाईफ जॅकेट, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी), पॅडल, ड्राय बॅग, तीन लिटर पाणी. ९६ किलो. हमाल म्हणाला, दोन पिशव्याला चार किलो कमी भरलं मालक, आणि आजूबाजूचे सगळे हसून मोकळे झाले. घरच्या काट्यावरचे ९१ आणि पाण्यावरचे ९६, हा फरक कुणी धरत नाही. त्यात बोर्डाचे १० मिळवा, पाण्यानं उचलायचे एकूण १०६.

आता गणित. ज्यांना नको त्यांनी पुढच्या महिन्यावर जावं, पण मला स्वतःला हे कळलं तेव्हाच डोक्यातला जाळा निघाला. बोर्ड कलला की त्याला परत सरळ करणारा जो जोर असतो तो रुंदीच्या घनाच्या हिशोबात वाढतो. म्हणजे ३० चे ३४ केले तर दिसायला चारच इंच, पण तो जोर जवळपास दीडपट होतो. आणि वरचं एकूण वजन वाढलं की तोच जोर त्या मानानं कमी पुरतो. म्हणून मी लांबी सारखी धरून एक ढोबळ आकडा काढला, रुंदीचा घन भागिले एकूण वजन.

पुण्याचा मित्र, ६२ अधिक सामान २ अधिक बोर्ड १०, म्हणजे ७४ किलो, ३० इंचावर. आकडा ३६५. मी त्याच बोर्डावर २५५. मला त्याच्याइतकं स्थिर वाटायला किती रुंदी पाहिजे? ३४ इंचाला माझा आकडा येतो ३७१. ३२ ला ३०९. संपला विषय, मी दोन महिने त्याच्या बोर्डावर नाही, त्याच्या मानानं एका फळीवर उभा होतो.

हा आकडा काही शास्त्रोक्त नाही. उंच माणसाचा मध्य वर असतो, त्याला अजून थोडी रुंदी लागते. शेपटी निमुळती असेल तर ३२ इंची बोर्डसुद्धा ३० सारखा वागतो, कारण छापलेली रुंदी ही सगळ्यात रुंद जागेची असते, म्हणून विकत घेताना टेप घेऊन जा आणि पायाखाली किती, शेपटीच्या एक फूट अलीकडे किती हे मोजा. आणि खोक्यावर १५० किलो लोड लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. तेवढ्या वजनाला तो तरंगेल, तुम्ही उभे राहाल असं कुठं लिहिलंय.

फेब्रुवारी

३४ इंची मिळाला. दहा फूट आठ इंच, ६ इंच जाड, एका गृहस्थाची हौस फिटली होती, त्यांनी कमीत दिला. पहिल्याच सकाळी ५० मिनिटं, शून्य. मी पाण्यावर उभा राहून चक्क लांब बघितलं, हिप्परग्याला इतके पक्षी असतात हे मला पहिल्यांदा दिसलं, आधी मला फक्त माझे अंगठे दिसायचे.

तीन आठवडे मजेत गेले. मग कटकट सुरू झाली. रुंद बोर्डावर पॅडल उभं घालायचं तर हात लांब काढावा लागतो, हात दमला की पॅडल तिरपं पडतं, तिरपं पडलं की बोर्डाचं नाक वळतं, मग तीन स्ट्रोक इकडं तीन तिकडं, असा नागमोडी जातो. फोनच्या जीपीएसवर किलोमीटरला १५ मिनिटं. समोरून वारा आला की दार ढकलत चाललोय असं वाटतं. काका परत म्हणाले, आता पडत नाही पण जात पण नाही. या माणसाचं एकही वाक्य वाया जात नाही.

याच महिन्यात बायको आली. वजन ५४, उंची पाच फूट एक. मी मोठेपणानं तिला स्थिर म्हणून ३४ वाला दिला. तिचं पॅडल दर दोन स्ट्रोकला बोर्डाच्या कडेवर आपटत होतं, बोटाची सालं निघाली, दहा मिनिटांत म्हणाली हे काय ताट आहे का परात. मग ३० वाल्यावर उभी राहिली. उभी राहिली आणि गेली. सरळ. मी काठावर लीश हातात धरून. तिचा आकडा त्या बोर्डावर ४०९ येतो, मित्रापेक्षासुद्धा वर, म्हणजे गणितानं आश्चर्य वाटायचं काही कारण नव्हतं, पण गणित आणि नवरा या वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या बोर्डाला मी दोन महिने शिव्या घातल्या तो पहिल्या दिवसापासून तिचा होता.

मार्च

पुण्याच्या ग्रुपमधून ३२ इंची महिनाभर मागून आणला, साडेअकरा फुटी, शेपूट बऱ्यापैकी रुंद. पहिल्या तासात ५ वेळा पडलो आणि क्षणभर नोव्हेंबर आठवला, पण पडणं वेगळं होतं. तेव्हा काय झालं हे कळायच्या आत पाण्यात असायचो, आता प्रत्येक वेळी सांगता येत होतं, मागं वळून बघितलं, पॅडल हवेत राहिलं, गुडघे ताठ झाले. पॅडल पाण्यात असलं की तो तिसरा पाय असतो, हे वाचलं खूपदा होतं, पायांना कळलं आत्ता.

एप्रिल

ऊन. साडेआठला पाण्याबाहेर, नाहीतर टाळू भाजते. सोलापूरकरांसाठी खास सूचना, १५ पीएसआय भरलेला बोर्ड उन्हात काठावर किंवा गाडीच्या टपावर ठेवून चहाला जाऊ नका. सकाळी २२ अंशाला भरलेले १५, बोर्ड ५० अंशाला तापला की साडेसतराच्या वर जातात, आणि शिवणीवर सगळा ताण येतो. मी बाहेर काढला की १२ वर आणतो आणि झाडाखाली ओढतो. आणि लाईफ जॅकेट ४२ अंशातसुद्धा अंगावरच, गाडीत नाही.

एकदा उजनी धरणाला, करमाळ्याच्या बाजूला जाऊन आलो, ३२ आणि ३४ दोन्ही घेऊन. नऊनंतर वारा उठला आणि आडव्या लाटा सुरू झाल्या, हिप्परग्यावर जो ३२ मला झेपत होता तो तिथं झेपेना. सरळ गुडघ्यावर बसलो आणि काठ धरला. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले ते याच पाण्यात, त्यामुळं वळवाच्या दिवसात दुपारनंतर मी तिथं उतरत नाही, बोर्ड कितीही रुंद असो.

सध्याची स्थिती. वजन ९१ चं ८८ झालं, ३२ वर आकडा ३१८. ३७१ नाही, मधलं अंतर पाय भरून काढतात. हिप्परग्यावर शांत पाण्यात तासाला दोनदा पडतो, किलोमीटर १२ मिनिटं.

फोन करणाऱ्या चौघांना मी जे सांगितलं ते असं : साठीच्या आतबाहेर वजन असेल तर ३० ते ३१ बिनधास्त, सत्तर ते पंच्याऐंशी असेल आणि नवीन असाल तर ३२ ते ३३, नव्वदीच्या पुढं नवीन असाल तर ३४ च, पोरगं किंवा कुत्रं पुढं बसवणार असाल तर त्याचं वजनही तुमच्यात धरा. हात आखूड असतील तर एक इंच कमी. चौघांपैकी एकानं ऐकलं. एकजण ९५ किलोचा आहे आणि त्यानं ३० इंची मागवलाय, कारण तो लई भारी पळतो म्हणे.

मे

मागून आणलेला ३२ परत द्यायची वेळ झाली, स्वतःचा घ्यायचाय, ३४ विकायला काढलाय. उजनी मायनसमध्ये, म्हणजे वापरायच्या साठ्याच्या खाली जाईल, हिप्परगाही खाली चाललाय, काठावर आता पंधरावीस पावलं चिखल तुडवत जावं लागतं. परवा आम्ही दोघं गेलो तर काकांनी विचारलं, ताई कुठल्या बोर्डावर शिकल्या. मी म्हटलं माझ्याच. ते म्हणाले, मग तुम्ही कुठल्यावर शिकलालाव?