हळकुंडाचा दोरा

बेळगावातील एका रुग्णालयाच्या न्यूक्लियर मेडिसिन विभागात मी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे. थायरॉइडच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर उरलेल्या पेशी नष्ट करण्यासाठी रुग्णाला किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पाजतात आणि त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग ठरलेल्या पातळीखाली येईपर्यंत त्याला शिशाच्या दारामागे स्वतंत्र खोलीत ठेवतात. एका पावसाळ्यात जांबोटीकडच्या एका खेड्यातून आलेल्या बाईंना आम्ही १०० मिलिक्युरी (किरणोत्सर्गी द्रव्य मोजण्याचे एकक) मात्रा दिली. तासाभरातच त्यांना मोठी उलटी झाली. थोडी चादरीवर, थोडी अंगावर आणि बरीचशी फरशीवर.

इंटरकॉमवर त्यांचा पहिला शब्द आला तो "सर, सगळी खोली घाण केली ओ मी" असा. औषध वाया गेले म्हणून नव्हे, तर दुसऱ्याला उपसावे लागणार म्हणून त्या रडत होत्या. मी त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहायला आणि पाय न हलवायला सांगितले, कारण अशा वेळी सांडलेले द्रव्य खोलीभर नेण्याचे काम पायच करतात. तेवढ्यात सफाईच्या मावशी सवयीप्रमाणे बादली, फडके आणि बाथरूमचे अ‍ॅसिड घेऊन दारात आल्या. त्यांना तिथेच थांबवले. ओल्या फडक्याने पुसले असते तर हातभर डागाचा खोलीभर पातळ लेप झाला असता आणि अ‍ॅसिड पडले असते तर आयोडीनची वाफ होऊन ते श्वासावाटे आमच्याच छातीत गेले असते. अणुअपघातानंतरच्या सफाईची अर्धी अडचण या एका प्रसंगात मावते: घाण पाहताच हात जे करायला धावतात, तेच करायचे नसते.

किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर सांडलेल्या जागेपासून एक मीटरवर तासाला सुमारे ६० मायक्रोसिव्हर्ट दाखवत होता. सिव्हर्ट हे शरीराला लागणारा किरणोत्सर्ग मोजण्याचे एकक, आणि हजार मायक्रोसिव्हर्ट म्हणजे एक मिलिसिव्हर्ट. सर्वसामान्य माणसासाठी वर्षाची मर्यादा १ मिलिसिव्हर्ट आहे, म्हणजे तिथे नुसते उभे राहिले तरी ती सतरा तासांच्या आत संपली असती. आमच्यासारख्यांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आहे. घाबरण्यासारखे काही नव्हते, पण रेंगाळण्यासारखेही नव्हते. म्हणून कोणी काय उचलायचे, कोणत्या पिशवीत टाकायचे, हे सगळे आम्ही दाराबाहेर ठरवले आणि आत फक्त हात चालवले. सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुवीज केंद्रात २६ एप्रिल १९८६ च्या स्फोटानंतर छपरावर उडालेले अणुभट्टीतल्या ग्रॅफाइटचे तुकडे काढताना यंत्रे बंद पडली, तेव्हा सैनिकांना फावडी देऊन काही मिनिटांतच खाली बोलावले जात असे. वेळ कमी करणे हीच तिथली ढाल होती, आणि आमच्या छोट्या खोलीतही तिच्याहून मोठी ढाल नव्हती.

दुहेरी हातमोजे, पायांवर प्लास्टिकची वेष्टने आणि लांब चिमटा घेऊन आम्ही टिपकागद अंथरले, कडेकडून मध्याकडे सरकत ते उचलले आणि मग आयोडीनची वाफ होऊ न देणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात भिजवलेल्या कापसाने पुसले. प्रत्येक पुसण्याला कापूस नवा. पहिल्या काही वेळा मॉनिटरचा आकडा झपाट्याने उतरला, मग हळूहळू, मग उतरेचना. न्हाणीघराच्या उंबऱ्याजवळच्या फरशीच्या सांध्यात आयोडीन मुरले होते. तिथे घासत राहणे म्हणजे आपल्याला लागणारा किरणोत्सर्ग वाढवत राहणे. प्लास्टिक घालून, चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून आणि तारीख लिहून तो सांधा आम्ही तसाच सोडला.

इतर दागिने बाईंनी आधीच नवऱ्याकडे दिले होते. मंगळसूत्र मात्र गळ्यातच होते; ते काढण्याचा आग्रह आम्ही धरला नव्हता. आंघोळ करून, कपडे बदलून आल्यावर मॉनिटर गळ्यापाशी नेला तर तो खडखडत राहिला. वाट्या पुसल्या गेल्या, काळे मणीही बऱ्यापैकी स्वच्छ झाले, पण ज्यात ते ओवले होते तो दोरा ओला होऊन आयोडीन पिऊन बसला होता. मी कारण समजावले, त्यांनी ऐकून घेतले आणि गळ्यावरचा हात काही काढला नाही. तिथे माझे शास्त्र संपले आणि आमच्या सिस्टर पुढे झाल्या. त्यांनी बाहेर बसलेल्या नवऱ्याला खडेबाजारात पाठवले. तो हळकुंड घेऊन आला. सिस्टरांनी ते पिवळ्या दोऱ्यात बांधून ताटलीतून आत सरकवले. बाईंनी आधी तो दोरा गळ्यात बांधला आणि मगच मंगळसूत्र काढून चिमट्यात दिले. या कामात मी पाहिलेल्या सगळ्या साधनांत त्या हळकुंडाला मी फार वरची जागा देतो. १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या केंद्राजवळच्या प्रिप्यात शहरातल्या सुमारे ४९,००० लोकांना तीन दिवसांपुरते सामान घ्या असे सांगून बसमध्ये बसवले, आणि घरे कायमची सुटली. दूषित वस्तू माणसाकडून काढून घेताना त्याच्या हाती काय उरते, याचा विचार मोठ्या अपघातात कोणाला सुचत नाही. तो आधी करून ठेवावा लागतो.

मंगळसूत्र पिशवीत गेले, पिशवी शिशाच्या पेटीत गेली आणि मी वर ८० दिवसांनंतरची तारीख घातली. किरणोत्सर्ग धुऊन नाहीसा होत नाही. तो एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी कोंडायचा आणि त्याच्या त्याच्या गतीने विरेपर्यंत राखण करायची, एवढेच माणसाच्या हाती आहे. आयोडीन-१३१ चे अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सर्ग निम्मा व्हायला लागणारा काळ, आठ दिवसांचे, म्हणून दहा अर्धायुष्यांनी हजारावा भाग उरतो आणि मला तारीख देता येते. अणुअपघातात बाहेर पडणाऱ्या सीझियम-१३७ या दुसऱ्या द्रव्याचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. तोच हिशेब तिथे तीनशे वर्षांवर जातो. जपानमधल्या मार्च २०११ च्या अणुअपघातानंतर फुकुशिमा परिसरातील शेतांची, अंगणांची आणि शाळांच्या मैदानांची वरची काही सेंटिमीटर माती खरवडून काढली. ती सुमारे १ कोटी ४० लाख घनमीटर माती ओकुमा आणि फुताबा या गावांच्या हद्दीत साठवली आहे, आणि २०४५ पर्यंत ती फुकुशिमा प्रांताबाहेर नेण्याचे कायद्याने बंधन आहे. खरवडणे झाले, नेऊन ठेवणार कोणाच्या दारात, हा प्रश्न तसाच आहे, आणि माझ्या मते सफाईतला खरा कठीण प्रश्न तोच असतो.

ठरल्या तारखेनंतर नवरा मंगळसूत्र न्यायला आला. त्याच्या देखत मोजले, आकडा खोलीतल्या नेहमीच्या पातळीवर आला होता. जाता जाता तो थांबला. त्याच्या चार म्हशी आहेत आणि तो गावच्या डेअरीला दूध घालतो. कारवार तालुक्यातल्या कैग्याचा अणुवीज प्रकल्प डोंगरापलीकडे असल्याचे त्याला ठाऊक होते. "तिकडं काय झालं, तर दुधाचं कसं ओ सर?"

मी त्याला बसवून घेतले, कारण हा प्रश्न नेमका होता. हवेतून आलेले आयोडीन गवतावर बसते, ते खाणाऱ्या जनावराच्या दुधात उतरते आणि दूध पिणाऱ्या मुलाच्या थायरॉइडमध्ये साठते. चेर्नोबिलनंतर बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या बाधित भागांत दूध वेळेवर थांबवले गेले नाही. तिथे अपघाताच्या वेळी लहान वयाच्या असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे ६,००० हून अधिक रुग्ण नोंदले गेले. पोलंडने मात्र काही दिवसांतच साध्या, म्हणजे किरणोत्सर्गी नसलेल्या आयोडीनच्या सुमारे १ कोटी ८० लाख मात्रा वाटल्या, कारण थायरॉइड साध्या आयोडीनने आधीच भरला तर किरणोत्सर्गी आयोडीन त्यात फारसे साठत नाही. तुझ्यासाठी पहिले काम म्हणजे म्हशी गोठ्यात बांधायच्या, गंजीतली झाकलेली, आधीची वैरण घालायची आणि उघड्यावरचे पाणी पाजायचे नाही.

"आणि काढलेलं दूध? ओतायचं?" त्याने विचारले. ओतायचे नाही, असे मी सांगितले. त्याची पावडर करून तीन महिने ठेवली तर आयोडीन आपोआप विरते, फक्त ती सोय डेअरीच्या पातळीवर व्हायला हवी. सीझियम असेल तर थांबून भागत नाही. तिथे जनावरांच्या खाद्यात प्रशियन ब्लू नावाचे निळे द्रव्य मिसळतात, ते आतड्यातच सीझियम धरून शेणावाटे बाहेर काढते, आणि मग त्या शेणाचेही वेगळे बघावे लागते. त्याने खिशातून डेअरीचे दूध-पुस्तक काढले आणि मागच्या पानावर हे सगळे लिहून घेतले.